भाऊसाहेबांचा चेहरा

‘तोतया’ म्हटलें कीं मराठी माणसास सुखनिधान आठवतो. ह्या कनोजी ब्राह्मणानें आपण सदाशिवरावभाऊ आहों असें सांगितलें आणि हजारों लोकांनीं तें मानलें. ते सारे मूर्ख किंवा स्वार्थी होते असें म्हणून आपण मोकळे होतों. मला तें पटत नाहीं.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर भाऊसाहेब गर्दींत दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडिताच्या वृत्तान्ताप्रमाणें, त्यांचें म्हणून जें प्रेत सांपडलें त्यास शिर नव्हतें. ओळख पटली ती पाठीवरील कट्यारीच्या व्रणावरून व अंगावरील इतर खुणांवरून. विश्वासरावांचें प्रेत मात्र छावणींत पुष्कळांनीं पाहिलें. त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई पुढें आपल्या नाशकाजवळ गंगापुरास येऊन राहिल्या. त्यांच्या दुःखास निदान निश्चिती तरी होती. पार्वतीबाई पानिपताहून सुटून आल्या, परंतु पतीचें मुख त्यांनीं शेवटचें पाहिलेलें नव्हतें. १७८३ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत.

तोतयास थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींतच पकडून कैदेंत टाकलें होतें. १७७६ सालीं रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे ह्यानें त्यास सोडलें आणि कोंकणांतील किल्ले भराभर त्याच्या हातीं गेले. सवाई माधवराव तेव्हां दोन वर्षांचे. तोतया बोरघाटापर्यंत आला!

आतां ह्या कोंकणच्या शिपायानें भाऊसाहेब पाहिले असतील ते कसे? स्वारींत, लांबून, फार तर एकदां. आपल्या मेंदूच्या खालच्या अंगास चेहरे ओळखणारा एक भाग आहे. १९९७ सालीं नॅन्सी कॅनविशर ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं तो विशेषेंकरून दाखवून दिला. ह्या बाजूस इजा झाली तर माणूस स्वतःच्या बायकोसही तोंडावरून ओळखीत नाहीं, आवाजावरून ओळखतो. परंतु तो भाग धड असला तरी एकटा पुरा पडत नाहीं. त्यास आठवणीचा पुरवठा लागतो. १९७५ सालीं अमेरिकेंत बाहरिक ह्यांनीं जुन्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. शाळा सोडून पस्तीस वर्षें झालेल्यांनींही दहांपैकीं सुमारें नऊ सोबत्यांचे चेहरे छायाचित्रांत बरोबर ओळखले. मास्तरकी केलेल्या माणसास ह्याचें नवल वाटणार नाहीं. मात्र हे वर्षानुवर्षें एकत्र वावरलेले सोबती होते. एकदां ओझरता पाहिलेला अनोळखी चेहरा पुन्हां ओळखण्यांत तेंच मन फार चुकतें.

म्हणून त्या शिपायाच्या आठवणींत भाऊंचें नाक-डोळे नव्हतेच. होता तो दरारा, उदगीरचा विजय आणि पानिपताची हळहळ. समोर उभ्या असलेल्या तोंडावर त्यानें तीच आठवण चढविली. जेथें मेळ बसेना, तेथें पंधरा वर्षांच्या हालअपेष्टा कारण म्हणून तयारच होत्या.

महादजी शिंद्यांच्या फौजेनें बंड मोडलें. समुद्रमार्गें पळालेला तोतया आंग्र्यांच्या हातीं सांपडला आणि डिसेंबर १७७६ मध्यें पुण्यांत त्यास देहान्त शिक्षा झाली. नाना फडणिसांस भाऊ परत यावयास नकोच होते, असें तेव्हांही कोणी म्हटलें असेल, आणि कारभाऱ्याच्या हेतूविषयीं संशय घेणें गैर नव्हे. तथापि पानिपताच्या मोहिमेंत अठरा-एकोणीस वर्षांचे नाना भाऊसाहेबांच्याच लष्कराबरोबर, त्यांच्या निकट होते. तो चेहरा त्यांनीं रोज पाहिलेला होता.