रेडिएटर सुटला, बाउझर राहिला

लडाखमध्ये गाडी चालवलेल्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा, हिवाळ्यात एमटी पार्कमधलं शेवटचं काम कोणतं असायचं? रेडिएटरचा खालचा नळ उघडायचा, इंजिन ब्लॉकचा उघडायचा, पाणी पूर्ण गळू द्यायचं आणि स्टेअरिंगला 'पाणी काढलं आहे' अशी पाटी लटकवायची. पाटी विसरली आणि पहाटे कोणी घाईत कोरडं इंजिन चालू केलं, तर थंडीने वाचलेलं इंजिन उष्णतेने जायचं. सकाळी बुखारीवर तापवलेलं पाणी ओतायचं, मगच सेल्फ मारायचा.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. बीड ताणलं जात नाही, तडकतं. आणि तडकलेला ब्लॉक म्हणजे रस्त्यात अडकलेली अॅम्ब्युलन्स.

1 नोव्हेंबर 1948 रोजी 7 कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांच्या आसपासच्या झोजिलावर चढले. टरेट काढून, झाकून ते कसे आणले, जनरल थिमय्या स्वतः कसे पुढे होते, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. 1962 च्या ऑक्टोबरमध्ये एएन-12 विमानांनी एएमएक्स-13 रणगाडे चुशूलला उतरवले, तेही सांगतो. एएमएक्स-13 चं इंजिन पाण्यावर थंड होणारं होतं, हे मात्र गप्पांत सहसा येत नाही. अशा उंचीवर रणगाडा शत्रूच्या गोळ्याआधी रात्रीच्या थंडीने निकामी होऊ शकतो.

यावरचा उपाय तसा जुना. आधी रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालत, पण ते उकळून उडून जाई. इथिलीन ग्लायकॉल वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1856 सालीच बनवलं होतं. मोटारींसाठी 'प्रेस्टोन' या नावाने ते अमेरिकेत बाजारात आलं 1927 मध्ये. पाण्यात निम्मं मिसळलं की उणे 35 अंशांच्याही खाली द्रवच राहतं. ते मुबलक मिळू लागलं आणि रोजची नळ उघडझाक संपली.

पाण्याचा बाउझर मात्र तिथेच राहिला. इथिलीन ग्लायकॉल विषारी, वर चवीला गोड. जवानांच्या प्यायच्या पाण्याजवळही ते येता कामा नये. परदेशात मोटारहोमवाले हिवाळ्यात त्यांच्या नळांत प्रॉपिलीन ग्लायकॉल भरून ठेवतात. ते बरंच निरुपद्रवी असतं, वसंतात धुऊन काढतात. पण त्यांची गाडी चार महिने उभी असते. आपला बाउझर रोज पोस्टवर जातो, रोज कोणी धुवायचा?

तेव्हा तिथे अजूनही हाताचंच काम. नवख्याला वाटतं टाकी फुटेल. टाकीत वर मोकळी जागा असते, पाणी फुगलं तरी बहुधा निभावतं. घात होतो पंपात. त्याच्या पोटात वाटीभर पाणी उरतं, चारही बाजूंनी कोंडलेलं, आणि सकाळी केसिंगला केसासारखी चीर दिसते. पूर्ण बंद केलेल्या बॉल व्हॉल्व्हचंही तेच. गोळ्याच्या पोकळीत पाणी अडकतं.

म्हणून अनुभवी ड्रायव्हर टाकी रिकामी करून थांबत नाही. होज उताराकडे सोडतो, व्हॉल्व्ह अर्धे उघडे ठेवतो, पंप दोन सेकंद कोरडा फिरवतो. मग पंपाचा ड्रेन प्लग काढून कोटाच्या खिशात टाकतो, म्हणजे त्याला विचारल्याशिवाय कोणी बाउझर भरायला घेत नाही.