बाहुलीची शुश्रूषा

गेल्या नाताळाच्या सुटींत आमच्या धर्मग्रामांतील धर्मशिक्षणवर्गाचीं मुलें घेऊन आम्ही गणपतीपुळ्यास गेलों होतों. देवळाजवळ समुद्राच्या वाटेवर जीं दुकानें मांडलेलीं असतात, त्यांपैकीं एका दुकानांतून एका मुलीनें आपल्या खाऊच्या पैशांत डॉक्टरच्या साहित्याची पेटी विकत घेतली. पेटी प्लॅस्टिकची, तींत कानास लावावयाची नळी, टोंचावयाची पिचकारी, थर्मामीटर आणि बिनकांचेचा चष्मा. वाळूवर लगेच रुग्णालय उभें राहिलें. डॉक्टर होण्याचा मान अर्थात् मुलांनीं पटकाविला. बाहुलीस सुई टोंचून डॉक्टरसाहेब दोन मिनिटांत लाटांकडे निघून गेले. जिच्या पैशांनीं हा दवाखाना उघडला तिच्या वांट्यास नर्सचें काम आलें, आणि नर्सच्या हातीं द्यावी अशी एकही वस्तु त्या पेटींत नव्हती. तिनें आपला रुमाल बाहुलीवर पांघरला, उन्हाच्या बाजूस आपण बसली, आणि परत निघेपर्यंत ती तेथून हलली नाहीं. आम्हीं तिला सहज विचारलें, "पहिली नर्स कोण, ठाऊक आहे का?" ती तत्काळ उत्तरली, "दिवेवाली बाई, फादर."

ह्या उत्तरानें आमच्या मनांत जो विचार सुरू झाला, तो ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढें मांडीत आहों. आमच्या धर्मग्रामांतील कितीएक घरांनीं आपल्या मुली ह्या व्यवसायास दिल्या आहेत. तेव्हां त्याचा इतिहास आमच्या मुलांच्या हातीं कोणत्या रूपानें पडतो, हें पाहणें अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

दिवेवाली बाई म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०-१९१०). त्यांच्यावरील बालपुस्तकांचा आरंभ बहुधा बाहुल्यांनींच होतो: थोरली बहीण पार्थिनोपी हिनें बाहुल्या फाडाव्या आणि धाकट्या फ्लॉरेन्सनें त्या शिवून बऱ्या कराव्या. लिटन स्ट्रेची ह्या उपरोधिक लेखकानें १९१८ सालीं ह्या कथेची मोठी चेष्टा केली, तरी ती पुस्तकांतून कांहीं हालली नाहीं. दुसरी कथा एका धनगराच्या कुत्र्याची. पाय दुखावलेलें तें कॅप नांवाचें कुत्रें आतां निरुपयोगी झालें म्हणून धनी त्यास फांस देणार होता. इतक्यांत फ्लॉरेन्स तेथें आली, आणि शेक देऊन तिनें त्यास बरें केलें. हाड मोडलेलें नाहीं हें पाहून शेकण्याचा सल्ला देणारा एक धर्मोपदेशकही तेथें होता. चित्रांतून तो बहुधा गळालेला असतो. आम्हांस त्याचें वाईट वाटत नाहीं. शेक तिनेंच दिला होता.

बाहुल्या फाडणारी म्हणून बदनाम झालेल्या त्या बहिणीविषयीं मात्र एक गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. फ्लॉरेन्सनें अथेन्सहून घुबडाचें एक पिलूं आणून पाळलें होतें. त्याचें नांव अथेना. बाई क्रिमियाच्या युद्धावर निघण्याच्या गडबडींत तें मेलें. पुढें त्या तिकडे आजारी पडल्या, तेव्हां पार्थिनोपीनें त्या घुबडाचें चरित्र लिहून, त्यांत स्वतः चित्रें काढून, १८५५ सालीं तें लहानसें पुस्तक त्यांच्या करमणुकीसाठीं पाठविलें. शुश्रूषा करणारीची शुश्रूषा एका चित्रपुस्तकानें केली! आमच्या मतें परिचर्येविषयींच्या बालवाङ्मयांत हें पुस्तक पहिल्या रांगेंत बसावें.

आतां तो दिवा. चित्रांत व खेळण्यांत बाईंच्या हातीं पुष्कळदां अल्लाउद्दिनाच्या गोष्टींतील चोंचीचा दिवा असतो. वस्तुतः स्कुतारीच्या रुग्णालयांत त्या जो वापरीत, तो कागदी घडीचा तुर्की कंदील होता. वाऱ्यांत न विझणारा, हातांत धरण्यास सोईचा. कोंकणांत रात्रीबेरात्रीं रोग्याच्या घरीं जाणाऱ्या माणसाच्या हातीं जो कंदील असे, त्याच जातीचा. दिवा काव्यमय झाला आणि काम मागें पडलें, असें आम्हांस पुष्कळदां वाटतें.

दुसरीही एक उणीव आहे. १८५४ सालीं नाइटिंगेलबाईंबरोबर ३८ स्त्रिया गेल्या, त्यांपैकीं १० कॅथोलिक धर्मभगिनी होत्या. त्यांत बर्मंडसीच्या मठाच्या श्रेष्ठा मदर क्लेअर मूर होत्या, आणि युद्ध संपल्यावर बाईंनींच त्यांस पत्र लिहून, मुख्य पदास आपल्याहून तुम्ही अधिक योग्य होतां, असें मोकळेपणानें कळविलें. चित्रपुस्तकांत मात्र दिवा धरून बाई एकट्याच चालतात. इंग्लंडांत ही चूक दुरुस्त होऊं लागली आहे. जमेकाच्या मेरी सीकोल ह्या कृष्णवर्णीय स्त्रीनें त्याच युद्धांत स्वतःच्या खर्चानें जाऊन सैनिकांची सेवा केली. तिची कथा आज तिकडील शाळकरी मुलें शिकतात, आणि २०१६ सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाच्या आवारांत तिचा पुतळा उभा राहिला.

नाइटिंगेलबाईंनीं मुलांसाठीं स्वतः कांहीं लिहिलें आहे काय? लिहिलें आहे, आणि तें आमच्या कामाचें आहे. १८५९ सालच्या आपल्या परिचर्येवरील प्रसिद्ध पुस्तकाची स्वस्त आवृत्ति त्यांनीं १८६१ सालीं कष्टकरी लोकांसाठीं काढली, तेव्हां तींत एक नवें प्रकरण घातलें. तें थेट मुलींस उद्देशून आहे. आई कामास गेली असतां धाकट्या भावंडास संभाळणाऱ्या मुलींस. बाळास स्वच्छ हवा कशी मिळावी, ऊब किती असावी, त्यास किती व केव्हां भरवावें, त्याचें अंग व वस्त्रें कशीं स्वच्छ ठेवावीं, हें सारें सोप्या भाषेंत, मुलीस मान देऊन सांगितलें आहे. काखेस भावंड घेऊन विहिरीवर, खळ्यांत, शाळेच्या दारांत उभी असलेली मुलगी आमच्या जिल्ह्यांत कोणीं पाहिली नाहीं? नाइटिंगेलबाईंच्या मतें तीही परिचारिकाच. हें प्रकरण मराठींत, कोंकणच्या चित्रांसह, प्रत्येक शाळेंत असावें अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

बाई हिंदुस्थानांत कधीं आल्या नाहींत. परंतु पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि खेड्यांच्या आरोग्याविषयीं त्या वृद्धपणींही लिहीत राहिल्या. खेडुतांपुढें नुसतीं व्याख्यानें झोडूं नयेत, जादूच्या कंदिलानें चित्रें दाखवून घाणेरड्या पाण्यांतील जीव त्यांच्या डोळ्यांस दाखवावे, असें त्या सुचवीत. म्हणजे त्यांच्या हातीं दुसराही एक दिवा होता, आणि मुलांनीं ओळखावा असा तोच अधिक.

खेळण्यांकडे वळूं. बाहुलीनें परिचर्या शिकविण्याची कल्पना बरीच जुनी आहे. फ्रान्सांत मादाम द्यू कुद्रे ह्या सुइणीस १८ व्या शतकांत पंधराव्या लुई राजानें आज्ञापत्र दिलें, आणि सुमारें पंचवीस वर्षें ती प्रांतोप्रांतीं हिंडून खेडवळ बायकांस सूतिकाकर्म शिकवीत होती. तिच्याजवळ कापड व चामडें ह्यांची, आंत कापूस भरलेली, बाळासह केलेली मोठी बाहुली असे. अक्षरशत्रु बायकांस हातांनीं करूनच शिकतां यावें म्हणून. अशी एक बाहुली रुआं शहराच्या संग्रहालयांत अद्याप आहे. अमेरिकेंत मार्था चेस ह्या बाई मुलांसाठीं कापडी बाहुल्या करीत. हार्टफर्डच्या रुग्णालयाच्या परिचर्याशाळेनें मागणी केल्यावरून १९११ सालीं त्यांनीं माणसाएवढी बाहुली करून दिली, आणि अंथरुण बदलणें, रोग्यास कुशीवर वळविणें हें सारें विद्यार्थिनी तिच्यावर शिकूं लागल्या. पोरखेळ म्हणून ज्याची आपण हेटाळणी करतों, त्यांतूनच ही विद्या वर आली.

येथें आमच्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. राजाच्या आज्ञेनें कॅथोलिक फ्रान्सांत गांवोगांवच्या बायका सूतिकाकर्म शिकल्या. परंतु आमच्या धर्मभगिनींस ह्या कार्यास हात घालण्याची मोकळीक रोमहून १९३६ सालीं मिळाली, आणि तीही मदर ॲना डेंगेल व इतर ह्यांच्या दीर्घ खटपटीनंतर. त्या खटपटीच्या मागें हिंदुस्थानांतील पडदानशीन स्त्रियांचें दुःख होतें. पुरुष डॉक्टरास दाखविण्यापेक्षां त्या मरण पत्करीत. मधल्या काळांत किती माता गेल्या असतील, त्याचा विचार आम्हां धर्मगुरूंनीं अधूनमधून करावा.

पाश्चात्य बाजारांत नर्सची बाहुली केव्हांच आली. बार्बीनें १९६१ सालीं नर्सचा पोशाख घातला, आणि नाइटिंगेलबाईंच्या द्विशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे २०२० सालीं, त्यांच्याच रूपाची बाहुली निघाली. आमच्याकडे जुनी लाकडी ठकी होती, भातुकलीचीं बोळकीं होतीं; शेजारीं सावंतवाडीस चितार आळींतील कारागीर लाकडाचीं फळें व खेळणीं इतकीं सुबक रंगवितात कीं आंबा खाण्यास हात पुढें व्हावा. त्या हातांस पांढऱ्या लुगड्यांतील परिचारिका घडविणें कांहीं जड नाहीं. मागणारें कोणी पाहिजे.

पांढरें लुगडें म्हणण्याचें कारण असें. मुंबईस १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत ह्या परिचर्या शिकावयास आल्या. तें शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या हिंदी परिचारिका, अशी नोंद पाठ्यपुस्तकांत असते, आणि त्या एका ओळीवरच त्यांची बोळवण होते. जातीचा विटाळ, परपुरुषाचा स्पर्श, रात्रपाळी, शेजाऱ्यांची जीभ. त्या काळीं ह्या देशांतील बाईस रुग्णालयाचा उंबरठा ओलांडणें स्कुतारीच्या वाटेहून सोपें नव्हतें. पुढें रमाबाई रानडे ह्यांच्या पुण्याच्या सेवासदनानें (१९०९) तरुण विधवांस ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यास पाठविलें, आणि त्यापायीं पुष्कळ बोल सोसले. सावित्रीबाई फुले आमच्या मुलांस शिक्षिका म्हणून ठाऊक आहेत. पण १८९७ च्या प्लेगांत मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्यांनीं यशवंतरावांच्या दवाखान्यांत आणलें, आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या हातीं दिवा नव्हता, पाठीवर रोगी होता.

गणपतीपुळ्याहून परतल्यावर आमच्या धर्मग्रामांतील एका सेवानिवृत्त परिचारिकेस आम्हीं ही हकीकत सांगितली. त्या हंसल्या, आणि आठ दिवसांनीं शंभर पानी वही घेऊन आल्या. तींत काशीबाईंची ती एक ओळ पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. पुढें अंथरुण कसें घालावें, ताप कसा मोजावा, रोग्याशीं कसें बोलावें, हें मुलांस समजेल असें. चित्रें त्या वाळूवरच्या मुलीनें काढलीं आहेत. पिवळ्या खडूनें रंगविलेला वाऱ्याचा कंदील तिनें काशीबाईंच्या हातांत दिला आहे. तो आम्हीं खोडला नाहीं. वही वाचनालयाच्या कपाटांत, खालच्या फळीवर, लहान मुलांचा हात पोंचेल अशी ठेविली आहे.