आराखड्यात न दिसणारं वजन

सेल्युलोजच्या पातळ पापुद्र्यांवर पीएचडी करणारी मुलगी आज विमानाबद्दल का लिहितेय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. संबंध आहे, पण तो थोडा पुढे येईल. आधी गोष्ट ऐका.

फुकट वाटलेलं विमान

१९०९ सालचं फ्रान्स. आल्बेर्तो सांतोस-द्युमों हा ब्राझीलमधल्या एका कॉफीमळेवाल्याचा मुलगा तिथे एक चिमुकलं विमान उडवत होता. नाव 'देम्वाझेल'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ तरुण मुलगी, आणि चतुराच्या जातीतल्या एका नाजूक किड्यालाही तेच म्हणतात. विमानाकडे पाहिलं की किडाच आठवतो. सांगाडा तीन लांब बांबूंचा, पंखांवर रेशमी कापड, पंखांचा पसारा साधारण पाच मीटर, आणि रिकाम्या विमानाचं वजन शंभर किलोच्या थोडं पुढेमागे. वैमानिक पंखाच्या खाली, दोन चाकांच्या मधे ताणलेल्या पट्टीवर बसायचा.

त्या काळात राइट बंधू आपल्या पेटंटसाठी कोर्टकचेऱ्या करत होते. सांतोस-द्युमोंने उलटं केलं. देम्वाझेलचं पेटंट घेतलं नाही, आराखडे ज्याला हवे त्याला दिले. १९१० मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकी मासिकाने ते मापांसकट छापले. आजच्या भाषेत हे ओपन सोर्स विमान! म्हणूनच शंभरहून जास्त वर्षं झाली तरी घरच्या गॅरेजमध्ये जुन्या विमानाची प्रतिकृती बांधू पाहणाऱ्या हौशी माणसांची नजर देम्वाझेलवर जाते. लहान आहे, साधं आहे, आणि मापं छापलेली आहेत.

मग अडचण कुठे येते?

माप आहे, माणूस नाही

१९६५ मध्ये 'दोज मॅग्निफिसंट मेन इन देअर फ्लाइंग मशिन्स' हा इंग्रजी सिनेमा आला. त्यासाठी जुन्या विमानांच्या उडू शकणाऱ्या प्रतिकृती बांधल्या होत्या, त्यात देम्वाझेलही होतं. बांधणी नीट झाली, पण विमान काही उडेना. फार तर छोट्या उड्या मारायचं. आराखडा तपासून झाला, तरी चूक सापडेना.

कारण चूक आराखड्यात नव्हतीच. सांतोस-द्युमों अगदी चणीने लहान माणूस होता, वजन जेमतेम पन्नास किलोच्या आसपास. त्याने विमान स्वतःच्या अंगाच्या मापाने बेतलं होतं, शिंपी कपडा बेततो तसं. एवढ्या हलक्या विमानात वैमानिकाचं वजन म्हणजे एकूण वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग. तिथे वीस-पंचवीस किलो वाढले की हिशोबच कोलमडतो. शेवटी जोन ह्यूज या अंगाने बारीक वैमानिकेला बसवलं, आणि देम्वाझेल उडालं. दुसऱ्या महायुद्धात तिने लढाऊ विमानं कारखान्यातून हवाई तळांवर पोचवली होती, त्यामुळे हात तयार होता. सिनेमाच्या नावात 'मेन' आणि विमान उडवलं बाईने, हे मला फार आवडतं.

शरीराचा संबंध वजनापुरताच नव्हता. विमान डावी-उजवीकडे कलतं करायला पंखांना पीळ द्यावा लागायचा. त्यासाठीचा दांडा वैमानिकाच्या कोटाच्या पाठीवर शिवलेल्या खिशात अडकवलेला असे. तो ज्या बाजूला झुकेल तसे पंख पिळले जायचे. म्हणजे कोट हासुद्धा विमानाचाच एक भाग! आराखड्यात दांड्याची लांबी सापडेल. किती झुकायचं, कधी थांबायचं, हे कागदावर कसं उतरवणार?

प्रतिकृती बांधणं हा नुसता छंद नाही, इतिहासाचं संशोधनही आहे, असं मी म्हणते ते यामुळे. जुनी कागदपत्रं वाचून आपल्याला 'विमान असं होतं' एवढंच कळतं. ते पुन्हा बांधायला घेतलं की कागदाने काय सांगितलेलं नाही ते कळतं. प्रतिकृती उडाली नाही, तरी तो पुरावाच असतो.

शेवटचा हात

आता माझ्या विषयाकडे येते. सांगाडा झाला, इंजिन बसलं (घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीचं इंजिन फार लोकप्रिय आहे), की कापड चढवायचं आणि त्यावर 'डोप' लावायचा. डोप म्हणजे द्रावकात विरघळवलेलं सेल्युलोजचं संयुग. द्रावक उडून जातो, मागे पापुद्रा राहतो, आणि आकसताना तो कापडाला ढोलकीसारखं ताणतो. थर कमी पडले तर कापड सैल राहतं, जास्त झाले तर पंखाच्या नाजूक फासळ्या वाकतात.

दमट हवेत आणखी एक गंमत होते. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ जमते, आणि पापुद्रा पांढराफटक, कमजोर होतो. पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये माझ्या काचपट्ट्यांवर नेमकं हेच व्हायचं. दोन आठवडे मी रसायनांना दोष देत होते. विमानं रंगवणाऱ्यांना याचा उपाय शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होता: कोरड्या दिवसाची वाट पाहा, नाहीतर सावकाश उडणारा द्रावक वापरा.

पण याच डोपची दुसरी बाजूही आहे. नायट्रेटचा डोप चटकन पेट घेतो, म्हणून ॲसिटेटचा डोप वापरात आला. तो विरघळवायला टेट्राक्लोरोइथेन वापरत. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या विमान कारखान्यांत डोप लावणाऱ्या कामगारांना कावीळ व्हायला लागली. त्यात बायकाही बऱ्याच होत्या. या द्रावकाची वाफ त्यांचं यकृत निकामी करत होती. काही जण दगावले, तेव्हा कुठे तो द्रावक बदलला गेला. वैमानिक जळू नये म्हणून केलेल्या सुधारणेची किंमत रंगकाम करणाऱ्यांनी मोजली. विमानाच्या कुठल्याच आराखड्यात ही माणसं दिसत नाहीत.

त्यामुळे 'अस्सल' प्रतिकृती म्हणजे काय, या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे: बांबू अस्सल ठेवा, मापं अस्सल ठेवा, पण विष अस्सल ठेवायची गरज नाही. आज बरेच जण पॉलिएस्टरचं कापड इस्त्री फिरवून ताणतात. ते जुन्या रेशमासारखं दिसत नाही, मान्य. फक्त काय बदललं आणि का, ते वहीत लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कोणी तुमच्या विमानावरून १९०९ समजून घ्यायला बसलं, तर त्याची फसगत होऊ नये.

आणि हो, त्याच वहीत पहिल्या पानावर आपलं स्वतःचं वजनही लिहा. सांतोस-द्युमोंच्या आराखड्यात तेवढंच राहून गेलं होतं.