लिस्बनमध्ये काय पाहाल? भूकंपातून उरलेलं शहर आणि गोव्याशी जोडलेल्या खुणा

युरोप ट्रिप म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, रोम, लंडन अशी यादी सुरू होते. पोर्तुगालची राजधानी लिस्बन त्यात फार खाली असते. खरं तर पाव, बटाटा, पगार, चावी, लिलाव हे शब्द मराठीत आले ते याच देशाच्या भाषेतून. गोव्यावर साडेचारशे वर्षं जिथून राज्य केलं गेलं, ते हे शहर. त्यामुळे इथल्या वास्तू पाहताना आपला संबंध फक्त पर्यटकाचा राहत नाही.

तागुस नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी, टेकड्यांवर हे शहर वसलं आहे. कुठून सुरुवात करायची, याचं सोपं उत्तर म्हणजे बेलेम. शहराच्या मध्यातून १५ नंबरची ट्राम थेट तिकडे जाते.

बेलेम : मिरीच्या पैशातून उभा राहिलेला मठ

वास्को द गामाची जहाजं जुलै १४९७ मध्ये याच किनाऱ्यावरून निघाली आणि मे १४९८ मध्ये कालिकतजवळ पोहोचली. त्यानंतर काही वर्षांतच राजा मॅन्युएल पहिला याने इथे जेरोनिमोस मठाचं बांधकाम सुरू केलं. खर्चाची सोय काय? आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर लावलेला सुमारे ५ टक्के कर. म्हणजे मलबारच्या मसाल्यांचा या भिंतींमध्ये थेट वाटा आहे. खांबांवर दोरखंड, समुद्री वनस्पती असं कोरीवकाम दिसतं. या शैलीला राजाच्या नावावरून मॅन्युएलाइन म्हणतात.

आत शिरताच दोन थडगी आहेत. एक कवी लुईस द कामोंइश यांचं. त्यांनी आयुष्यातली काही वर्षं गोव्यात काढली होती. दुसरं वास्को द गामाचं. गामा मेला कोचीत, १५२४ च्या डिसेंबरमध्ये. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं होतं. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले आणि या मठात ते आले १८८० मध्ये. फोर्ट कोचीला त्याची रिकामी कबर पाहिलेल्यांनी इथे जरूर थांबावं.

मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर बेलेमचा बुरूज आहे. १५१४ ते १५१९ या काळात नदीच्या तोंडावर पहाऱ्यासाठी तो बांधला. फोटो सगळे समोरून काढतात, पण पाहायची गोष्ट कोपऱ्यातल्या एका लहान मनोऱ्याच्या तळाशी आहे. तिथे दगडात कोरलेलं गेंड्याचं डोकं आहे, आता बरंच झिजलेलं.

हा गेंडा आपल्याकडचा! दीवला किल्ला बांधू द्या, अशी मागणी घेऊन गव्हर्नर अल्बुकर्कने गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला आणि भेट म्हणून गेंडा दिला. अल्बुकर्कने तो राजाला पाठवला. मे १५१५ मध्ये गेंडा लिस्बनला उतरला तेव्हा शहर लोटलं होतं. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीने पळ काढला. नंतर पोपला नजराणा म्हणून गेंडा पुन्हा जहाजावर चढवला गेला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररने न पाहताच काढलेलं गेंड्याचं प्रसिद्ध चित्र याच प्राण्याचं.

मठ आणि बुरूज १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. सोमवारी मठ बंद असतो. बुरूज दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी तपासून घ्या.

‘शोध’ कोणाचा?

नदीकाठी जहाजाच्या आकाराचं, ५० मीटरहून उंच पांढरं स्मारक दिसतं. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या शोधमोहिमांचं हे स्मारक. पुरातन वाटलं तरी ते आहे १९६० चं. १९४० मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत भरलेल्या भव्य प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं होतं, नंतर पक्कं बांधलं. गामा, अल्बुकर्क, सेंट फ्रान्सिस झेवियर असे ३३ पुतळे त्यावर आहेत. त्यात स्त्री फक्त एक. समोरच्या फरशीवर जगाचा मोठा नकाशा आहे आणि मोहिमांची वर्षं लिहिली आहेत.

साम्राज्याचा असा गौरव दगडात कोरून जेमतेम वर्ष उलटलं आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. गुलामांचा व्यापार, जिंकलेल्या प्रदेशांचे हाल यांचा या शिल्पात मागमूस नाही. पोर्तुगालमध्येही आता त्यावर वाद होतात. २०२१ मध्ये स्मारकावर कुणीतरी रंगाने निषेधाचा मजकूर लिहिला होता. माझ्या मते स्मारक टाळू नये. राजवटीला स्वतःविषयी काय सांगायचं होतं, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

१ नोव्हेंबर १७५५

जुन्या शहरात फिरताना एक प्रश्न पडतो. मध्यभागातले रस्ते इतके सरळ, काटकोनात कसे? कारण त्या सकाळी मोठा भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि आग कित्येक दिवस जळत राहिली. सणाचा दिवस होता, लोक चर्चमध्ये होते, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. नदीकाठचा राजवाडा आणि त्यातलं ग्रंथालय नष्ट झालं. आज तिथे प्रासा दो कोमेर्सियो हा भव्य चौक आहे, पण स्थानिक लोक अजूनही त्याला ‘राजवाड्याचं अंगण’ म्हणतात.

पुढे मार्केस ऑफ पोम्बाल झालेल्या मंत्र्याने शहर नव्याने आखलं. इमारतींच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला, म्हणजे हादऱ्यात घर लवचीक राहील. भूकंपरोधक बांधकामाचा इतक्या मोठ्या प्रमाणावर झालेला हा सुरुवातीचा प्रयोग मानला जातो.

कार्मोच्या मठाचं छत मात्र पुन्हा घातलंच नाही. वर आकाश, बाजूला उघड्या कमानी. लिस्बनमध्ये एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर मी ही सांगेन. मठाशेजारच्या बराकीतच २५ एप्रिल १९७४ रोजी पंतप्रधान कायतानो अडकून पडले आणि सालाझारने घडवलेली राजवट कोसळली. नव्या सरकारने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

रोसियो चौकाजवळचं साओ डोमिंगोस चर्च १९५९ च्या आगीत होरपळलं. ते काळवंडलेले, तडकलेले खांब तसेच ठेवलेत. १५०६ मध्ये याच परिसरातून ज्यूंच्या कत्तलीला तोंड फुटलं. बाहेर त्याचं स्मारक आहे. चौकातलं राष्ट्रीय नाट्यगृह ज्या जागी आहे तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. तीच संस्था १५६० मध्ये गोव्यात पोहोचली.

टेकडीवरचा साओ जॉर्ज किल्ला मूर राज्यकर्त्यांकडून ११४७ मध्ये जिंकला गेला. तटबंदीचा बराचसा भाग विसाव्या शतकातल्या डागडुजीचा आहे. वर जायचं ते शहराच्या दृश्यासाठी.

आणि दोन तुरुंग

कॅथेड्रलजवळ अल्जुबे हा जुना राजकीय तुरुंग २०१५ पासून संग्रहालय आहे. हुकूमशाहीच्या काळातल्या छोट्या कोठड्या तिथे पाहता येतात.

दुसरा तुरुंग शहराबाहेर, काशियाश इथे. तो पर्यटनस्थळ नाही. पण मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवणारे स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे तिथे कैदेत होते. १९५५ मध्ये पकडले गेलेल्या रानड्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली होती. गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालमध्ये तुरुंगातच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी पाठपुरावा केला. सुटका झाली १९६९ मध्ये. लिस्बनहून काश्काइशला जाणारी लोकल नदीकाठाने धावते, आधी बेलेमला थांबते आणि पुढे काशियाशलाही.