टॉवेलच्या रंगातले विष

१९९४ साली जर्मनीने कायदा केला आणि सोलापुरी टॉवेलला तेथे जायचे तर विणीबरोबर रंगाचीही परीक्षा देणे भाग पडले. आक्षेप बेन्झिडीनसारख्या द्रव्यांपासून बनणाऱ्या ॲझो रंगांवर होता. हे रंग स्वस्त, सुतावर सहज चढणारे. परंतु घामाने सुटून त्वचेवरील जिवाणूंमुळे विघटित झाले की त्यांतून कर्करोगकारक अमाइन मोकळे होऊ शकतात.

फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगकारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयातील गाठी १८९५ सालीच नोंदवल्या होत्या. भारतातील बंदी एकूण ११२ रंगांपर्यंत पोहोचली ती १९९७ मध्ये, आणि तीही बव्हंशी निर्यातीच्या काळजीने. टॉवेल वापरणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक रंग डाय हाऊसमधील कामगाराच्या हातांतून आणि श्वासातून जात होता.