राफाएलचा कास्तिल्योने आणि अनुकृतीची परंपरा

छायाचित्रे आणि रंगीत छापील प्रती उपलब्ध होण्यापूर्वी युरोपात तैलरंगातील व्यक्तिचित्रणाचे शिक्षण बऱ्याच अंशी अनुकृतीतून, म्हणजे मूळ चित्रासमोर उभे राहून त्याची प्रत करण्यातून होत असे. राफाएलने १५१४-१५ च्या सुमारास रंगविलेले, बाल्दास्सारे कास्तिल्योने या दरबारी लेखकाचे व्यक्तिचित्र या परंपरेचा माग काढण्यास विशेष उपयोगी आहे.

तैलचित्राचा वरचा पृष्ठभाग कितीही निरखला तरी ते कोणत्या क्रमाने रंगवले हे सहसा उमगत नाही, आणि अनुकृतीची गरज नेमकी येथेच निर्माण होते. जवसाच्या तेलात खललेला रंग सावकाश वाळत असल्याने चित्रकार आधी मोजक्या, मंद रंगांत छायाप्रकाश बसवून घेतो, ज्याला अंडरपेंटिंग म्हणतात. त्यावर शिशाच्या सफेद्याने उजळ भाग घट्ट रंगवतो आणि शेवटी ग्लेझ, म्हणजे खालचा थर दिसू देणारा पातळ, पारदर्शक रंग चढवतो. कास्तिल्योनेच्या चित्रात काळी टोपी, पांढरा सदरा आणि करडी फर यांखेरीज रंग जवळजवळ नाहीतच. त्याच्या चेहऱ्याची ऊब तांबड्या रंगापेक्षा भोवतालच्या करड्या छटांमुळे अधिक जाणवते, आणि गालावर तांबडा किंचित जास्त पडला की सारा तोल बिघडतो, हे प्रत करणाऱ्याला प्रत्यक्ष रंग लावतानाच कळते.

रुबेन्सने या चित्राची तैलरंगात केलेली प्रत आज लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. पन्नाशी उलटल्यावर, १६२८-२९ मध्ये राजनैतिक कामगिरीवर माद्रिदला गेला असतानाही या नामांकित चित्रकाराने तिशियानच्या चित्रांच्या प्रती केल्या, त्यामुळे अनुकृती ही केवळ उमेदवारीतील कसरत समजणे चुकीचे ठरेल. रेम्ब्रांटची रीत निराळी होती. १६३९ मध्ये अॅमस्टरडॅमला कास्तिल्योनेचे चित्र लिलावात विकले गेले, तेव्हा त्याने त्याचे झरझर रेखाटन करून त्यावर ३,५०० गिल्डर ही किंमतही नोंदवली आणि पुढच्याच वर्षीच्या आत्मचित्रात त्या बैठकीचा स्वतंत्रपणे उपयोग केला.

पुढे हे चित्र फ्रान्सच्या राजसंग्रहातून लूव्रमध्ये आले. १७९३ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयाने आरंभापासून प्रतकारांना जागा दिली. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेची दारे १८९७ पर्यंत स्त्रियांना बंद असल्याने बेर्त मोरिझोसारख्या चित्रकर्त्रींच्या घडणीत या दालनांचा वाटा मोठा आहे. आजही तेथे परवाना घेऊन प्रत करता येते. मात्र ती मूळ चित्राच्या मापाची असू नये आणि तीवर मूळ चित्रकाराची सही उतरवू नये, असा नियम आहे.