जाळे गुन्हा आणि गळ खेळ? स्टीलहेड माशाचा इतिहास काय सांगतो

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत, एक वाद अनेक वर्षे धगधगतो आहे. संख्या घटत चाललेल्या जंगली स्टीलहेड माशाला केवळ छंदासाठी गळाला लावणे नैतिक आहे का? छंदी लोकांचे उत्तर ठरलेले असते : आम्ही मासा मारत नाही, पकडतो आणि सोडून देतो, नदी रिकामी करतात ते जाळेवाले. ऐकायला हे उत्तर अहिंसक वाटते. पण कोणताही नैतिक दावा समोर आला की आम्ही आधी दोन प्रश्न विचारतो. नियम कोणी केला? आणि त्याची किंमत कोणी मोजली?

आधी मासा समजून घेऊ. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाणारा रेनबो ट्राउट. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत येतो. पॅसिफिक सामन मासे अंडी घातल्यावर मरतात. स्टीलहेडपैकी काही मात्र जगतात, समुद्रात परततात आणि पुन्हा येऊ शकतात. म्हणजे नदीत चढणारी प्रत्येक मादी पुढच्या पिढीची ठेव असते. फ्लाय फिशिंग करणारा नेमका याच वाटेवर उभा असतो. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा तो प्रवाहात सोडतो आणि ताकदवान मासा थकेपर्यंत झुंजवतो. ही झुंज हाच त्याचा आनंद.

आता इतिहास. 1854-55 मध्ये गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने तिथल्या मूलनिवासी जमातींशी करार केले. जमातींनी प्रचंड भूभाग गमावला. त्या बदल्यात एक हक्क त्यांनी राखून ठेवला : आपल्या नेहमीच्या ठिकाणी, इतर नागरिकांच्या बरोबरीने मासे धरण्याचा. हा हक्क कोणी दान दिलेला नव्हता. तो त्यांचाच होता. जमीन देताना त्यांनी तो सोडला नाही, एवढेच.

पुढे राज्य आले, कायदे आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वॉशिंग्टन राज्याने स्टीलहेडला ‘खेळाचा मासा’ ठरवले. या दोन शब्दांत सगळे राजकारण आहे. मासा तोच, नदी तीच; पण सुटीच्या दिवशी गळ टाकणारा ‘क्रीडापटू’ झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या जाळे लावणारा ‘चोर’ ठरला. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे थोरस्टीन वेब्लेन आठवतो. पोटासाठी केलेले काम हलके आणि फुरसतीतली शिकार प्रतिष्ठेची, ही उतरंड त्याने 1899 सालीच उलगडून दाखवली होती.

निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना 1945 साली, वयाच्या 14 व्या वर्षी, मासे धरल्याबद्दल पहिली अटक झाली. पुढे अशा अटका 50 हून अधिक झाल्या. 1960 च्या दशकात जमातींनी उघडपणे नदीत जाळी टाकून सत्याग्रह सुरू केले. सप्टेंबर 1970 मध्ये पुयालप नदीकाठच्या त्यांच्या छावणीवर पोलिसांनी अश्रुधूर आणि लाठ्या चालवल्या. पाण्यावर हक्क सांगणाऱ्याला लाठी मिळते, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

या सगळ्याला नाव दिले गेले ‘संवर्धन’. पण 1973 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्या नावामागचे सत्य उघडे केले. जमातींच्या जाळ्यांवर पूर्ण बंदी आणि छंदी गळांना पूर्ण मोकळीक, हा भेदभाव आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात न्यायमूर्ती डग्लस यांनी दुसरी बाजूही नोंदवली : शेवटचा जिवंत स्टीलहेड जाळ्यात येईपर्यंत त्याचा पाठलाग करण्याचा हक्क करारानेही मिळत नाही. हक्काला माशाच्या अस्तित्वाची मर्यादा आहे, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप एवढाच, की ही मर्यादा आधी दुबळ्याच्याच गळ्यात का बांधली जाते?

12 फेब्रुवारी 1974 रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांत निम्मा वाटा करारातील जमातींचा आहे. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलतः कायम ठेवला. प्रतिक्रिया काय झाली? न्यायाधीशांचे पुतळे फासावर लटकवले गेले. 1984 मध्ये वॉशिंग्टनच्या मतदारांनी इनिशिएटिव्ह 456 मंजूर केला. स्टीलहेड पुन्हा केवळ खेळाचा मासा व्हावा, अशी मागणी त्यात होती. बहुमत जिंकले, पण करार संघराज्याचा असल्याने हक्क टिकला. अल्पसंख्याकांचे हक्क बहुमताच्या मर्जीवर का सोडायचे नसतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

मग मासा कमी झाला कोणामुळे? स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यात 1962 ते 1975 दरम्यान चार मोठी धरणे उभी राहिली. आयडाहोपर्यंत पोहोचणाऱ्या माशाला कोलंबिया आणि स्नेक मिळून आठ धरणे पार करावी लागतात. 1957 मध्ये द डॅल्स धरणाच्या पाण्याने सेलिलो धबधबा, म्हणजे हजारो वर्षांची मासेमारीची जागा, बुडवला. जंगलतोड, रस्त्यांखालचे अरुंद पाइप, कृत्रिम पैदास केंद्रांतले मासे, तापते पाणी ही यादी मोठी आहे. यातले काहीही निस्क्वालींच्या होडीतून आलेले नाही. 2007 साली प्युजेट साउंडचा स्टीलहेड संघराज्याच्या कायद्याखाली धोक्यातील म्हणून नोंदवला गेला.

पकडून सोडण्याचा प्रश्न उरतो. सोडलेल्यांपैकी काही मासे नंतर मरतात. पाणी गरम असले, मासा फार वेळ बाहेर धरला, काटा खोल रुतला, तर धोका वाढतो. नदी भरलेली असताना हे नुकसान पचते. मोजकेच मासे परत येत असताना तोच मासा पुन:पुन्हा गळाला लागतो. मारण्याचा हेतू नव्हता, हे खरे. पण पीडा देणे हाच खेळाचा गाभा असेल, तर हेतूची सबब किती पुरेल?

गळवाल्यांनी नद्यांसाठी काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. धरणांविरुद्ध आणि जंगलतोडीविरुद्ध त्यांच्यातले अनेक जण लढले. ओरेगनमध्ये ली स्पेन्सर यांनी 1999 पासून अनेक हंगाम एका डोहाकाठी बसून स्टीलहेडची राखण केली. स्वतः मासेमारी करताना ते काट्याचे टोक मोडून टाकत. मासा झेपावतो, आणि निघून जातो. छंदाला स्वतःहून मर्यादा घालता येते, याचा हा पुरावा आहे.

त्याहून मोठा पुरावा एल्वा नदीवर आहे. लोअर एल्वा क्लालम जमातीने दीर्घकाळ मागणी लावून धरली आणि 2011 ते 2014 दरम्यान तिथली दोन्ही धरणे पाडली गेली. मासा परतावा म्हणून जमातीने त्या नदीतली आपली मासेमारीही थांबवली. 2023 मध्ये, तब्बल 12 वर्षांनी, त्यांनी धार्मिक विधीपुरते आणि घरच्या अन्नापुरते कोहो सामन धरले. ज्यांच्यासाठी मासा अन्न आहे, संस्कृती आहे, करारातला हक्क आहे, ते 12 वर्षे थांबले. ज्यांच्यासाठी तो सुटीचा आनंद आहे, त्यांना एक हंगाम थांबणे जड का जावे?

आमचे मत स्पष्ट आहे. मासा संकटात असताना सर्वांनीच हात आखडला पाहिजे. पण क्रम ठरलेला असावा. आधी धरणे आणि बंद केलेल्या वाटांचा हिशेब व्हावा. मग छंदाने थांबावे. अन्नाचा आणि कराराचा हक्क सर्वांत शेवटी आखडला जावा, तोही त्या हक्कदारांच्या संमतीने. गेल्या शतकात हा क्रम नेमका उलटा होता. जो संवर्धनवाद हा क्रम सुलटा करत नाही, तो माशाचाही मित्र नाही आणि माणसाचाही नाही.